लॅव्हेंडरला गंधकाची धुरी

नवरा फौजेत. त्यामुळे तासगावच्या रानातली आमची बेदाण्याची शेड दहा वर्षं मीच सांभाळते आणि तिची किल्ली माझ्या कमरेला असते. धाकट्या दिराला ते कधीच रुचलं नाही. गेल्या हंगामात माझ्या छातीत धडधडायला लागलं, तसा तो सासऱ्यांना म्हणाला, "वैनींचं मन कच्चं हाय. शेड माझ्याकडं द्या."

सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, फक्त दिवसाचे आठ कप चहा बंद करा. आमच्याकडं चहा नाकारणं म्हणजे समोरच्याचा अपमान. मी नाकारला. घरात दोन दिवस अबोला झाला. झाला तर झाला.

पाचगणीहून आणलेली लॅव्हेंडरची रोपं हौदाच्या कडेला होती. चहाऐवजी उकळून प्यायला म्हणून त्यांची जांभळी फुलं खुडून मी शेडमधल्या वरच्या जाळीवर वाळत घातली. सावलीत कसं वाळवायचं, हे मला कुणी शिकवायला नको.

आठवड्यानं पहिला कप गाळला, तर वास आगपेटीचा. सासऱ्यांनी माझ्याकडून किल्ली नेऊन बेदाण्याबरोबर माझ्या फुलांनाही गंधकाची धुरी दिली होती.

"रंग उडू नये म्हनून दिली गं," ते ओशाळून म्हणाले.

"आवं मामा, ती बाजारात न्यायची न्हाईत, प्यायची हायती."

दीर हसला. "शेडमदी काय चाललंय, ते तुमास्नी ठावं न्हाई. आता तरी किल्ली द्या की."

मला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. सगळी फुलं उकिरड्यावर टाकली. झाडांना पुन्हा बहर आला, तेव्हा तो माझ्या खोलीत वाळवला. उकळत्या पाण्यात चमचाभर फुलं, वर झाकण, पाच मिनिटं. दूध नाही, साखर नाही. पहिल्यांदा साबणाचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. तरी रोज प्यायले. फुलांमुळं असो की चहा सुटल्यामुळं, धडधड थांबली.

हंगाम संपत आला, तेव्हा दीर पुन्हा किल्लीचं बोलणं काढायला सासऱ्यांसमोर येऊन बसला. मी त्याच्यापुढं माझ्या फुलांचा चहा ठेवला. वास घेऊन त्यानं कप बाजूला सारला.

"दिलेला च्या तसाच ठिवू न्हाई, रं," सासरे म्हणाले.

तोंड वाकडं करत त्यानं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि किल्लीचं बोलणं राहूनच गेलं. मी रिकामा कप उचलला, कमरेची किल्ली काढली आणि शेड उघडायला गेले.