चिकटलेल्या रोलांची खरी हकीकत

मंडळी, आदरणीय रहीमभाई मुलाणी यांची नि माझी पहिली भेट भोसरीच्या आमच्या प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात झाली. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी मोठ्या रुबाबात प्रयोगशाळेत शिरले. भाईंनी एक कोरी पिशवी पुढे केली. "उघडा." मी सवयीने बोट जिभेला लावलं. "अहं! थुंकी लावून उघडते ती पिशवी नापास." पदवी गेली चुलीत, पहिल्याच दिवशी पिशवीबरोबर मीही नापास!

फिल्मचे थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तिच्यात सिलिका किंवा टाल्कसारख्या खनिजाची अगदी बारीक पूड घालतात. तिचं प्रमाण ठरवण्यात भाईंचा हात धरणारं आपल्या पट्ट्यात कुणी नव्हतं. मला त्यांनी ते जेवणाचा डबा उघडून शिकवलं. "पिठी कमी पडली तर पोळी पोळपाटाला चिकटते, जास्त झाली तर तव्यावर करपते. आपली पूड तशीच. कमी पडली तर थर चिकटतात, जास्त झाली तर फिल्म धुरकट." हे ज्ञान मूळचं त्यांच्या पत्नीचं, शमीमभाभींचं. भाईंना स्वतःला पोळी लाटता येत नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.

त्यांच्या रहाटणीच्या घरी ईदला आपण सगळेच शिरखुर्म्यावर ताव मारतो. एकदा ईद नेमकी माझ्या सोमवारच्या उपवासाला आली, तर भाभींनी माझ्यापुरती साबुदाण्याची खिचडी केली आणि भाईंनी ती स्वतः वाढली.

भाईंच्या हातून उभ्या नोकरीत एकच चूक झाली, ती म्हणजे चाकणचे रोल, असं आपण सगळे हसत सांगतो. प्रत्येक समारंभात कुणीतरी विचारतंच, "काय भाई, पिठी विसरलात ना?" भाईही हसतात. मला मात्र ते हसू इतकी वर्षं टोचत आलं आहे.

तेव्हा मी प्रोबेशनवर होते. चाकणच्या गिऱ्हाइकाला फिल्म काचेसारखी लख्ख हवी होती. भाईंनी प्रमाण लिहून सही केलेली होती. मी मशीनवर जाऊन, कुणालाही न विचारता, पूड निम्मी केली. फिल्म काय सुंदर निघाली म्हणून सांगू! मीही वाहवा मिळवून घेतली. मग मे महिन्याच्या उन्हात गोदामातल्या त्या रोलांचे थर असे चिकटले की उलगडताना फाटायला लागले. सगळा माल परत आला. चौकशी बसली. तीत भाई उठून म्हणाले, "प्रमाण मी बदललं."

त्या वर्षी त्यांचं विभागप्रमुखपद हुकलं.

मी रडत त्यांच्याकडे गेले. "भाई, मी साहेबांना खरं सांगते." ते भयंकर चिडले. "गप बस! तुझी नोकरी जाईल, माझी फार तर चेष्टा होईल. पुन्हा न विचारता हात लावलास तर मात्र मीच हाकलीन." मग जरा निवळून म्हणाले, "सांगायचंच असेल तर माझ्या पंचाहत्तरीला सांग. तोवर मी कुठला राहतोय!"

राहिलात ना, भाई! आज तुम्ही पंचाहत्तर वर्षांचे झालात, मला आता अडवू नका. मंडळी, पूड मी कमी केली होती. भाईंचा त्यात काडीचाही दोष नव्हता. यापुढे पिठीवरून चेष्टा करायची तर माझी करा. भाईंना ठणठणीत, उदंड आयुष्य लाभो. इतकी वर्षं त्यांनी माझ्या वाटची चेष्टा सोसली. आता माझी होताना बघायला त्यांनी शंभरीपर्यंत तरी पहिल्या रांगेत बसलंच पाहिजे.