मले की मला

मोबाइलच्या काचेचा माझ्या आईला मनापासून राग. "बोट एकावर ठेवा, उघडते दुसरंच," हे तिचं ठरलेलं वाक्य. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर मात्र तिचं राज्य आहे. कोराडीला एका कचेरीत तिने अख्खी नोकरी टायपिस्ट म्हणून काढली. अजूनही दहा बोटांनी, कळांकडे न पाहता, मराठी अशी टाइप करते की बघत राहावं. बाबा गेल्यापासून त्याच भागातल्या छोट्या फ्लॅटमध्ये ती एकटी आणि मजेत राहते.

पासवर्डांनी तिला वैताग आणला, तेव्हा मी तिला कुठलंही ॲप दिलं नाही. मी स्वतः वापरते तोच काळ्या पडद्यावरचा प्रोग्राम दिला. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाईलमध्ये. हुकूम टाइप करायचा, मुख्य वाक्य टाकायचं, की हवा तो पासवर्ड हातात. मूळचा प्रोग्राम अगदीच हडकुळा होता, मीच त्याला खाऊपिऊ घालून धडधाकट केलाय. नवरा म्हणाला, "आईंना झेपेल हे?" मी म्हणाले, "तुम्हाला नाही झेपणार. तिला झेपेल."

आणि झेपलंच. तिच्यासाठी मी हुकूम मराठीत केले. 'ठेव' म्हटलं की पासवर्ड आत जातो, 'काढ वीज' म्हटलं की वीजबिलाचा बाहेर येतो. सुरुवातीला सूचना शुद्ध होत्या. 'कृपया परवलीचे वाक्य प्रविष्ट करा' हे वाचून आई म्हणाली, "हे कोण साहेब बोलून राहिले?" मग मी लिहिलं, 'वाक्य टाक वं'. आणि चुकलं तर, 'नाही जमलं वं, पुन्हा टाक'. तोंडाला पदर लावून ती हसत सुटली आणि शेजारणीला बोलावून तिने मुद्दाम दोनदा चुकवून दाखवलं.

मुख्य वाक्याबद्दल मी तिला बजावलं होतं. मोठं टाक, आपल्या घरातलं टाक आणि मलाही सांगू नकोस. मी पाठ फिरवून उभी राहिले. टाइप करताना पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही, याचं इतरांना भय वाटतं. आईला त्याचं काहीच नव्हतं, तिने जन्मभर उमटणाऱ्या अक्षरांकडे न बघताच टाइप केलं होतं. कळा सरसर वाजल्या. मी ऐटीत सांगितलं, "विसरली तर मीसुद्धा उघडू शकणार नाही, एवढं पक्कं आहे हे."

या उन्हाळ्यात भिवापूरच्या मावशीने मिरच्या पाठवल्या. त्या गच्चीवर वाळत घालताना आई पायरीवरून घसरली आणि उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. पुढच्याच आठवड्यात तिचा फोन आला, "उघडून नाही राहिलं वं."

मी पोचले तेव्हा ती डाव्या हाताच्या एका बोटाने एकेक कळ शोधत होती. 'नाही जमलं वं, पुन्हा टाक.' मी लिहिलेली ती गंमत आता वाचवत नव्हती.

"वाक्य तेच आहे. मले पक्कं ध्यानात आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात पुण्याहून भावाचा व्हिडिओ कॉल आला. बाबा गेल्यापासून आईने पुण्याला यावं म्हणून तो मागे लागलाय. त्याच्या मनात वाईट काही नाही, पण ऐकून घ्यायची सवयही नाही. सगळं कळल्यावर तो म्हणाला, "आई, आता पुरे झालं. आधी पडली, आता विसरून राहिली. मी पुढच्या रविवारी तुले घ्यायले येतो. फ्लॅटचं मग पाहू." एरवी आईने त्याला तिथल्या तिथे झाडलं असतं. त्या दिवशी तिने नुसता फोन ठेवला. मग मला विचारलं, "माह्यं डोकं खरंच चाललं का वं?"

मला इतका राग आला की काय सांगू. भावाचा आला, प्लास्टरचा आला, माझ्या त्या पक्क्या कुलपाचा तर सगळ्यांत जास्त आला. मी म्हणाले, "डोकं नाही चाललं. वाक्य सांग, मी टाकून पाहते."

"ते नाही सांगणार."

हे ऐकून मला धीर आला. विसरभोळं माणूस असं राखून बोलत नाही. मी चहा ठेवला. तिने काय काय आणायला सांगितलं होतं ते पाहावं म्हणून तिचा सकाळचा मोबाइलवरचा निरोप पुन्हा काढला: 'मले दही अन् दूध आणजो.' मी तो वाचतच राहिले. तिच्या जुन्या ईमेल उघडल्या, सगळ्या कीबोर्डवरून लिहिलेल्या. 'मला कळवावे.' 'मला मिळाले.' एकाही ईमेलमध्ये 'मले' नव्हतं.

साहेबांनी कशाही भाषेत सांगितलं तरी आईच्या बोटांतून शुद्धच उतरायचं, नोकरीच ती होती. तोंड 'मले' म्हणायचं आणि दहा बोटं 'मला' टाइप करायची, तिचं तिलाही कळायचं नाही. आता एकटं बोट तोंडाचं ऐकून अक्षर लावत होतं.

हे मी तिला सांगितलं नाही. माझा अंदाज चुकला असता तर आणखी एक चूक तिच्या माथी बसली असती. त्यापेक्षा प्रोग्राम चुकलेला बरा. मी त्यात चार ओळी घातल्या: टाकलेलं वाक्य लागलं नाही, तर त्यातलं 'मले, तुले, त्याले' बदलून 'मला, तुला, त्याला' करून पाहायचं आणि काय बदललं ते सांगायचं. कुलूप सैल केलं म्हणून कोणी जाणकार नाक मुरडेल, मुरडू दे.

"आता टाक," म्हणाले आणि पाठ फिरवली. टक. टक. टक. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "उघडलं!" आणि मग, "पण हे काय लिहून राहिलं? 'मले'चं 'मला' केलं? मी काहून मला म्हणीन?"

मी तिला तिच्याच ईमेल दाखवल्या. चष्मा वर-खाली करत तिने वाचल्या. "हे तं ऑफिसातली बाई आहे," ती म्हणाली आणि हसली. डोळे पुसत हसत होती, मीही तशीच. मग ताठ बसून तिने जुनं वाक्य बदलून नवीन टाकलं, एका बोटाने, आणि या खेपेला स्वतःच्या बोलीत. मला पुन्हा पाठ फिरवायला लावली हे सांगायला नकोच.

लगेच तिने भावाला फोन लावला. तो रविवारच्या गाडीचं बोलू लागला. तिने त्याला मध्येच थांबवलं.

"ऐक गा. कोणी काही म्हणो, मले हेच घर पाहिजे."

हे ती एका दमात, पाठ असल्यासारखं बोलली. बोलताना तिची डाव्या हाताची बोटं टेबलावर कळा दाबल्यासारखी हलत होती. इतके महिने हे वाक्य फक्त त्या मशीनला माहीत होतं.