शंकाबाई आणि रिकामी घरं

सूतगिरणीच्या तपासणी खोलीत धागे ताणून तोडायचं काम करणाऱ्या बाईंना सगळे शंकाबाई म्हणत. भाजीवाल्याचा काटा त्या आधी रिकामा बघून घेत. नवऱ्याने ‘आमटी छान झालीय’ म्हटलं, की विचारत, “काय हवंय?”

अशा बाईंना साहेबांनी ‘आर’ नावाची संगणकाची भाषा शिकायला सांगितली. आकड्यांचा ढीग तिच्यापुढे टाकला, की ती त्यातून अर्थ काढून देते म्हणे. सोमवारी साहेबांसमोर धाग्यांच्या ताकदीची सरासरी काढून दाखवायची. जमलं तर खिडकीजवळची जुनी खुर्ची राहील, नाहीतर पॅकिंगमध्ये रवानगी.

“एका अक्षराचं नाव? आणि वर फुकट मिळते?” शंकाबाईंनी नाक मुरडलं. “फुकट कोण काय देतं हो?”

शिकवायला होती त्यांची धाकटी जाऊ. तीही त्याच खोलीत कामाला, आणि परीक्षा आधीच पास झालेली. पाणी मुरत होतं ते इथेच. आपण नापास झालो तर खिडकीजवळची खुर्ची कुणाला मिळणार? धाकटीने हुकूम टंकायला सांगितला, की त्या आधी मदतीच्या पानावर तो तसाच आहे का, ते पडताळत.

“जाऊबाई, विष नाही घालत मी त्यात.”

“मी कुठे म्हटलं?”

शनिवारी त्यांनी सरासरीचा हुकूम दिला. पडद्यावर आकडा आलाच नाही. नुसतं ‘एनए’.

“बघ! बिघडलं. तू काय सांगितलंस मला?”

“बिघडलं नाही. एनए म्हणजे माहीत नाही. तक्त्यातलं एखादं घर रिकामं असलं, तर ती सरासरी सांगतच नाही.”

शंकाबाईंनी पडद्याकडे जरा निरखून पाहिलं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणणारं त्यांना आजवर कोणी भेटलं नव्हतं.

“रिकामी घरं सोडून दे, असं सांगायचं तिला,” धाकटीने हुकमात एक जोड घातली. लगेच आकडा आला, चांगला घसघशीत.

“इतका चांगला?” शंकाबाईंच्या भुवया वर गेल्या. “घरं रिकामी का आहेत पण?”

“ताणायच्या यंत्राच्या चिमट्यात लावतानाच तुटलेले धागे ते. माझ्या पाळीतले.”

“म्हणजे कच्चे धागे लपवलेस तू!”

धाकटीचा चेहरा उतरला. “तुम्हीच शिकवलंत की, पहिल्या दिवशी. लावताना तुटला तर मोजू नको, आपलाच हात जड पडला असेल.”

शंकाबाईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. शिकवलं होतं खरं. पण ती गोष्ट तरी खरी होती का? हात जड असेल तर सूत कातणाऱ्या सगळ्याच साच्यांचे धागे तुटायला हवेत.

“मला फक्त रिकाम्या घरांच्या ओळी दाखवायच्यात. ते कसं सांगायचं हिला?”

धाकटीने सांगितलं. या वेळी मदतीचं पान न उघडताच शंकाबाईंनी टंकलं. ओळी एकाखाली एक उभ्या राहिल्या. सगळ्या कोपऱ्यातल्या एकाच साच्याच्या.

सोमवारी साहेब मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर एनए.

“बाई, सरासरी कुठाय?”

“येते. पण ती खोटी आहे.” त्यांनी घसघशीत आकडा दाखवला, मग त्या ओळी. “हे धागे ताणायच्या आधीच तुटले. ते सोडले की माल उगाच मजबूत दिसतो.”

“सोडले कुणी?”

शंकाबाईंनी वळून पाहिलं. धाकटी दाराशी उभी होती.

“सोडायला मी शिकवलं होतं.”

साहेब बराच वेळ ओळी वाचत राहिले. मग त्यांनी फोन उचलून तो साचा थांबवायला सांगितला.

“पास झालात. बसा तुमच्या खुर्चीवर.”

“इतक्यात? अजून काही विचारलंच नाहीत,” शंकाबाई म्हणाल्या. “का बरं?”

दाराशी धाकटीने कपाळावर हात मारला.