पूल पूर्णपणे सुरक्षित आहे

आमच्या पेपरात तिसरं पान सांभाळणारे एक उपसंपादक होते. त्यांना आम्ही पाठीमागे गोधडीकाका म्हणायचो, तोंडावर नुसतं काका. बातमी उघडीवाघडी त्यांच्या टेबलावर यायची आणि तासाभरात नखशिखान्त पांघरूण घेऊन छपाईला जायची. मी प्रुफं तपासायचे, त्यामुळे पांघरुणाखाली काय होतं ते मला ठाऊक असायचं.

बाजारात हाणामारी झाली, की काका लिहीत, ‘गैरसमजातून किंचित शाब्दिक देवाणघेवाण’. मग डोक्याला सात टाके कशाचे पडले, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "ताई, वाचणाऱ्याला कळतं." आणि वाचणाऱ्याला खरंच कळायचं! कचेरीखालचा न्हावी ‘निवडक श्रोत्यांच्या उपस्थितीत’ हे शब्द वाचून गिऱ्हाइकाला सांगे, "म्हणजे नुसत्या खुर्च्या होत्या." एखादा अधिकारी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ घरी बसला, की गिऱ्हाईक विचारी, "काय चोरलं?"

यात एकट्या काकांचा दोष नव्हता. आमचा देशच असा. इथे तोंडावर नाही म्हणणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. नाही म्हणायचं असेल तर आम्ही ‘बघू’ म्हणतो, आणि मुळीच नाही म्हणायचं असेल तर ‘नक्की बघू’. घरातून निघालेला माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. अशा लोकांचा पेपर सरळ कुठून असणार? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. मी स्वतः सासूबाईंना वीस वर्षं ‘भाजी छान झालीय’ असं सांगत आले, तेव्हा मी तरी कुणाला नावं ठेवू?

तर एका सोमवारी काकांचा शाळासोबती कचेरीत आला. तो पुलांच्या खात्यात इंजिनिअर. पाणी प्यायला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि उठता उठता म्हणाला, "तुझी लेक अजून नदीपलीकडच्या दवाखान्यातच नोकरीला आहे का रे?"

"हो."

"पुलावरूनच जाते?"

"हो."

"बरं बरं," म्हणाला आणि निघून गेला.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मलाही कळायचं ते कळलं. नदीवरच्या जुन्या पुलाच्या मधल्या खांबाला गेलेली भेग महिनाभर चर्चेत होतीच. खात्याचं म्हणणं, दुरुस्ती ‘यथावकाश’ होईल. यथावकाश म्हणजे कधी, हे आमच्या देशात कुणी विचारत नाही.

त्या दिवशी काकांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. सरळ लिहिलं. ‘पुलाला भेग, पूल धोकादायक, वापरू नका.’ प्रूफ वाचताना मला वाटलं, अर्धी बातमी गळाली.

मंगळवारी पुलावर जत्रा लोटली. इतकं धडधडीत लिहिलंय म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, असं सगळ्यांनी ठरवलं. न्हाव्याने छातीठोकपणे सांगितलं, "नवा पूल कुणाच्या तरी मेव्हण्याला बांधायचा असणार." निम्मे लोक भेग बघायला गेले. कठड्यावरून वाकून बोटं दाखवत होते, पोरांना खांद्यावर घेऊन. आमच्या कचेरीच्या खिडकीतून पूल दिसायचा; काका तिथे उभे राहून ते बघत होते. मला त्यांची दया आली आणि लोकांचा संतापही आला.

दुपारी खात्याचा खुलासा आला. पूल सुरक्षित असल्याचं ठळक छापा, असं वरून बजावलं होतं. काकांनी तो कागद दोनदा वाचला, आणि मंगळवारभरात पहिल्यांदाच हसले.

"ताई, हे पहिल्या पानावर घेऊ. ‘पूल पूर्णपणे सुरक्षित आहे. नागरिकांनी निश्चिंत मनाने ये-जा करावी. घाबरण्याचं तिळमात्र कारण नाही.’"

"तिळमात्र तुम्ही घातलंत?"

"मीच. त्याने लोक जास्त घाबरतील."

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोनही केला. तिचं लग्न होऊन ती चार गल्ल्या पलीकडे राहायची. मला वाटलं, आता तरी सरळ सांगतील. तर म्हणाले, "उद्या मावशीकडे जाऊन येतेस का? तिला बरं वाटेल." ती म्हणाली, "बघू." काका खूश! लेकीचं ‘बघू’ म्हणजे होकारच, असं त्यांनी धरलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर धरलं नसतं.

बुधवारी सकाळी पुलावर चिटपाखरू नव्हतं. रिक्षावाल्यांनी तर पेपर वाचूनच लांबचा रस्ता धरला होता. काका खिडकीत उभे राहून चहा पीत होते, अगदी लढाई जिंकल्यासारखे. मीही मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

तेवढ्यात एक स्कूटर पुलावर चढली. एकटीच. लाल हेल्मेट.

काकांच्या हातून कप सुटला. त्यांनी फोन लावला. ती नियमाने चालणारी मुलगी, फोन घ्यायला गाडी थांबवली. बरोब्बर मधल्या खांबावर.

"बाबा, आज रस्ता काय मोकळा आहे!"

"पूल पडणार आहे. माघारी फिर. आत्ता!"

इतकं उघडंवाघडं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. स्कूटर वळली. ती या काठाला लागेपर्यंत काकांनी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही.

दहा मिनिटांनी ती हेल्मेट हातात घेऊन कचेरीत आली. काका तिच्यावर ओरडले, तेही पहिल्यांदाच.

"अगं, सगळ्या गावाला कळलं, रिक्षावाल्यांना कळलं! माझ्या घरात वाढलीस, तुला वाचता येत नाही?"

"येतं ना. पेपरातलं मी सगळं उलटंच वाचते, बाबा. आजही तसंच वाचणार होते," ती म्हणाली. "पण त्यात ‘तिळमात्र’ होतं. तो तुमचाच शब्द. म्हटलं, हे बाबांनी स्वतः लिहिलंय, म्हणजे खरं असणार. मग गेले."

काकांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली आणि तिच्या हातातलं हेल्मेट घेऊन टेबलावर ठेवलं.