बायच्या आईचं गाऱ्हाणं

मला कुणी स्वयंसेविका म्हटलं की माझं डोकं फिरतं. तसली माणसं सुट्टीत येतात, चिखलात उभं राहून फोटो काढतात, "किती शांत वाटतं ना इथे" म्हणतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. मी मळ्यावर जायला लागले ती शांत वाटावं म्हणून नव्हे. निवृत्तीनंतर डोंबिवलीचं घर विकून आम्ही दोघं गावी आलो, हौसेनं चार माड लावले, आणि वर्ष सरायच्या आत नवऱ्याचं अर्धं अंग लुळं पडलं. सकाळी त्याचं करायला एक बाई येते, ती दुपारी जेवणवेळेला जाते. तेवढा वेळ मला त्या खोलीबाहेर पडायचं होतं, मग कुठे का असेना. शेजारीण म्हणाली, मळ्यावर माणसं हवी आहेत. मी गेले.

मळा म्हणजे तळेऱ्याहून विजयदुर्गाकडे जाताना रस्त्याच्या खालच्या अंगाला असलेली भातशेती, थोडी काजूची बाग, भाजीचे वाफे आणि अवजारं ठेवायला, पेज शिजवायला एक मांगर. एका जोडप्यानं आपली ही जमीन सगळ्यांसाठी मोकळी केली होती. ज्याला दुसरीकडे कुणी कामाला उभं करत नाही त्यानंही इथे धडधाकट माणसाच्या बरोबरीनं राबायचं, आणि जे पिकेल त्यातला वाटा सगळ्यांना सारखा. ऐकायला फार गोड. प्रत्यक्षात सकाळचा पहिला तास भांडणातच जायचा. विळा कुणी कुठे टाकला, पेजेत मीठ दोनदा कुणी घातलं, कोंबड्या वाफ्यात कुणी सोडल्या. त्यात माझा आवाज सगळ्यांच्या वरचा.

तिथे बाय होती. चाळिशी उलटलेली बाई, पण लहानथोर सगळे तिला बायच म्हणायचे. समज पाच वर्षांच्या पोरीएवढी, बोलणं जवळपास नाहीच. भूक लागली की पोटावर हात ठेवायची, राग आला की पाठ करून बसायची. काम मात्र मनापासून करायची. लावणीच्या दिवसांत तरवा काढायचा, म्हणजे भाताची रोपं वाफ्यातून उपटायची, मुळांची माती पाण्यात खळखळून धुवायची आणि मुठी बांधून ठेवायच्या, हे तिचं काम. एकदा बसली की पावसाची सर आली तरी उठायची नाही. तिची गाठ तेवढी सुटायची.

बायच्या बाजूला तिची आई बसायची. पंच्याहत्तरीच्या पुढची, काडीसारखी, आम्ही सगळे काकी म्हणायचो. बायनं बांधलेली मूठ काकी पाठीमागे घ्यायच्या, तिचं लक्ष नसताना सोडून पुन्हा घट्ट बांधायच्या आणि ढिगात टाकायच्या. सकाळपासून दुपारपर्यंत हेच. दुपारी बायच्या मुठींचा ढीग बघून सगळे वाहवा करायचे, बाय खूश, काकी खाली मान घालून चिखल धूत बसलेल्या. मला हे पहिल्याच हंगामात दिसलं आणि माझं टाळकं सटकलं.

"काकी, तुम्ही तिला शिकूच देत नाही," मी म्हणाले. "सगळं तुम्हीच करता. अशानं ती स्वतःच्या पायावर कधी उभी राहणार?"

"शिकव मगे तू," काकी म्हणाल्या. "माका काय, मी आयतां बघीन."

मी हट्टाला पेटले. गाठ काही तिला जमली नाही, ती मी सोडून दिली. पण बस थांब्यापासून मळ्यापर्यंत एकटीनं यायला तिला शिकवायचंच असं मी ठरवलं. रस्त्याच्या कडेनं चालायचं, मोरीपाशी खाली उतरायचं, पायवाटेनं सरळ. आधी हात धरून, मग हात सोडून, मग मी दहा पावलं मागे. किती वेळा ती मोरीशी बसून राहिली आणि मी तिच्यावर खेकसले, त्याचा हिशोब नाही. पण एका सकाळी मी मांगराच्या दारात उभी होते आणि बाय एकटी पायवाटेनं आली. चप्पल हातात, तोंडभर हसू. मागे बऱ्याच अंतरावर काजूच्या झाडाआडून काकी येत होत्या.

"बघा," मी म्हणाले. मला खरंच फार आनंद झाला होता.

"बघलंय गो," काकी म्हणाल्या. "वाटेन येता तां. पण मी नसताना तां कोणाकडे येतला?"

मी म्हटलं, आम्ही आहोत ना. असं म्हणायला आपल्याला वेळ लागत नाही.

दिवाळीनंतर काकी वाळायला लागल्या. आधी आम्हाला वाटलं, वय झालं. मग जेवण तुटलं. मळ्यावरच्या जोडप्यानं त्यांना कोल्हापूरला नेऊन दाखवलं. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. काकींनी मला हे सांगितलं ते पेज वाढता वाढता, आमटीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं.

"माझा काय नाय. मी जातलंय. ह्याचां काय?" त्या म्हणाल्या आणि बायच्या ताटलीत सुकट घातली.

त्या दिवसापासून काकींच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. विरारला पुतण्या होता, त्याला निरोप धाडला. तो आला, पाया पडला, जेवला, "बघूया काकी, तू काळजी करू नको" म्हणाला आणि गेला. त्याची बायको फोनवर स्पष्ट बोलली, दोन खोल्यांत आम्हीच पाच माणसं. तिच्यावर मी चिडले, पण काकी चिडल्या नाहीत. कोल्हापूरकडच्या एका संस्थेनं सांगितलं की आई गेल्यावर आम्ही ठेवून घेऊ. काकींनी ते ऐकून घेतलं. बाय आईच्या अंगावर पाय टाकल्याशिवाय झोपत नव्हती, हे त्या संस्थेला कुणी सांगायचं आणि सांगून तरी काय होणार होतं?

मांगरात सगळ्यांची बैठक झाली. मीच घ्यायला लावली. बायला इथेच ठेवूया, रात्री आळीपाळीनं एकेकानं सोबतीला झोपायचं, असं मी ताडताड मांडलं. एवढी सगळ्यांना बरोबर घेऊन चालायची भाषा करतो, मग आता दाखवा, असंही म्हणाले. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग एकीनं हळूच विचारलं, "पैली पाळी कोणाची? तुमची?"

माझ्या घरी नवऱ्याला रात्री उठून कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर त्याच्या पाठीला जखमा होतात. विचारणारीच्या घरी तान्हं मूल होतं. दुसरीची सासू घरातून उठून कुठेही चालू लागायची. जमीन देणाऱ्या जोडप्यातला तो स्वतः हृदयाचा रोगी. ज्याच्या त्याच्या घरात काहीतरी होतंच, आणि कुणाचंच खोटं नव्हतं. मला सगळ्यांचा राग आला आणि एकालाही नाव ठेवायला जागा सापडेना. काकी भिंतीला धरून उठल्या.

"ऱ्हवांदे गो," त्या मला म्हणाल्या. "उगाच तोंड शिणवतंस."

मग लावणीचे दिवस आले. आमच्याकडे लावणीला हात घालण्याआधी जमिनीच्या राखणदाराला नारळ ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात. एकानं देवाला मोठ्यानं सांगायचं, एकेक वाक्य, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांनी व्हय म्हटलं की ते मागणं एकट्याचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. मळ्यावर गाऱ्हाणं घालायचे ते एक आजोबा. म्हातारपणी दोन्ही डोळे गेले म्हणून मुलांनी त्यांना घरात बसवलं होतं, तिथून ते मळ्यावर आले होते. गाऱ्हाण्याला उभे राहिले की त्यांचा आवाज वरच्या रस्त्यापर्यंत जायचा. बायला हा सगळा प्रकार भारी आवडायचा. एरवी तोंडातून शब्द न काढणारी बाय "व्हय म्हाराजा" तेवढं सगळ्यांच्या सुरात म्हणायची, आणि सगळे थांबले की एकदा जास्तीचं म्हणायची. आम्ही हसायचो.

त्या सकाळी काकींना दोघींनी धरून आणलं होतं. मेरेवर, शेताच्या बांधावर, गोणपाट टाकून त्यांना बसवलं. बाय त्यांना चिकटून उभी. आजोबांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, आज हय तुझी लेकरां जमलेली आसत, तुका ह्यो नारळ ठेवतत, तो मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"चिखलात कोणाच्या पायाक काय लागा नये, इचूकाट्यापासून राखण कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"लावलेला पिकांदे, पिकलेला घराक येवंदे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

शेवटी ते नेहमी विचारायचे, आणखी कुणाचं काही घालायचं आहे का. कुणाची म्हैस आटलेली असायची, कुणाच्या मुलाचं लग्न जमत नसायचं, ते मागणं मग गाऱ्हाण्यात जायचं. त्यांनी विचारलं आणि काकी बोलल्या.

"माझा आसा."

आजोबांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "सांग."

"माझ्या चेडवाक माझ्या आदी ने, म्हणान सांग. मी बघीसर ने. मगे मी सुटलंय."

मला आधी कळलंच नाही. चेडू म्हणजे पोर, एवढं मालवणी मला केव्हाच यायला लागलं होतं, पण ती बाई हे मागते आहे हे डोक्यात शिरायला वेळ लागला. आजोबांना लगेच कळलं असावं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"बा देवा म्हाराजा, ह्या आवशीच्या चेडवाक तू सांभाळ..."

"तसां नाय," काकी म्हणाल्या. "मी सांगलंय तसांच सांग."

गाऱ्हाणं घालणाऱ्याला मागणाऱ्याचं मागणं बदलता येत नाही. त्यानं ते फक्त देवापर्यंत पोचवायचं असतं. आजोबा थोडा वेळ नारळावरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी सांगितलं. "बा देवा म्हाराजा, ही आवस सांगता, तिच्या चेडवाक तिच्या आदी ने म्हाराजा."

कुणाच्याही तोंडून आवाज निघाला नाही. एकीनं पदर तोंडात कोंबला. जमीन देणारा पाठ वळवून शेताकडे बघत राहिला. मला काकींना गदागदा हलवायचं होतं, काय बोलताय तुम्ही, वेड लागलंय का, असं ओरडायचं होतं. पण हे नको तर मग काय, असं त्यांनी विचारलं असतं, आणि माझ्याकडे काही नव्हतं.

आजोबांना दिसत नव्हतं. उत्तर आलं नाही तेव्हा ते गोंधळले. मान इकडून तिकडे वळवली.

"आसात मां रे सगळे?" त्यांनी विचारलं.

"व्हय म्हाराजा," बाय म्हणाली.

चांगलं मोठ्यानं म्हणाली. आम्ही सगळे मागे कसे राहिलो म्हणून आमच्याकडे बघून हसली, आणि नेहमीसारखं आणखी एकदा म्हणाली. काकींनी तिचा हात ओढून आपल्या गालाला लावला. आजोबांनी नारळ फोडला. खोबरं वाटलं गेलं, माझा तुकडा मी बायला दिला. मग आम्ही चिखलात उतरलो, कारण काढलेला तरवा तसाच ठेवता येत नाही.

देवानं ऐकलं नाही. गणपतीच्या आधीच काकी गेल्या. बायनं प्रेताशेजारी जागा करून घेतली आणि आडवी झाली, तिला उठवायला चौघी लागल्या. पुतण्या आला, दिवसकार्य नीट केलं, रडलासुद्धा, आणि बायला त्या संस्थेत पोचवून विरारला गेला.

थंडीत एक दिवस शेजारणीला नवऱ्यापाशी बसवून मी तिला बघायला गेले. वाईट असं तिथे काहीच नव्हतं, हे मला लिहायलाच हवं. फरशी स्वच्छ, जेवण वेळेवर, चादरी धुतलेल्या. बायचे केस बारीक कापले होते, उवा होतात म्हणून. मला बघून ती हसली नाही. मी नेलेला खाऊ खाल्ला, माझ्या मांडीला मांडी लावून बसली. तासाभरानं मी निघायला उठले तर तीही उठली, खाटेखालची चप्पल काढून पायात घातली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. माझ्याकडे बघत, चल म्हणून.

"ती रोजच असं करते," तिथली बाई म्हणाली. "कुणीही निघालं की हिची तयारी. ओळखीचं असो नाहीतर नसो. थोड्या वेळानं आपोआप परत येऊन बसते. तुम्ही जा, मागे बघू नका."

मी गेले, आणि मागे बघितलं. जाळीच्या दाराआड ती चप्पल घालून उभी होती.

परतीच्या एस्टीत मी खिडकीशी बसले होते. घाट लागेपर्यंत पुतण्याला, त्या बाईला, काकींना, सगळ्यांना मनात शिव्या घातल्या. घाट उतरताना शिव्या संपल्या. मग मी डोळे मिटले आणि काकींनी मागितलं होतं तेच मागितलं. "व्हय म्हाराजा"सुद्धा माझं मीच म्हटलं.