आते इसिंग आणि मुलांचे अमेरिकन पैसे

फिलिपिन्समधल्या ओलोंगापोच्या बाजारामागे माझी खानावळ आहे आणि तिच्या बरोबर समोर, झेरॉक्सवाल्याच्या ओसरीवर, इसिंगचं टेबल. फेलिसिसिमा बाल्दोनादो हे तिचं भरभक्कम नाव फक्त शिक्क्यावर आहे. एरवी ती आते इसिंग, म्हणजे इसिंगताई. ही बाई माझ्याहून चार महिन्यांनी लहान, तरी सगळं गाव तिला आते म्हणतं आणि मला नुसतं लोलिंग. जाऊ दे, यावर बोलायला लागले तर भात करपेल.

अमेरिकन नवऱ्यांची कागदपत्रं करणं हा तिचा धंदा. मूल झालं की त्याची वकिलातीत नोंद करायची, त्याचा अमेरिकेचा ओळख-नंबर काढायचा आणि दरवर्षी कराचा अर्ज भरायचा. इथे अमेरिकन आरमाराचा तळ होता तेव्हा ती बारमधल्या मुलींची पत्रं लिहून द्यायची. जहाजाबरोबर गेलेल्या खलाशी पोरांना ही पत्रं जायची आणि उत्तरं क्वचितच यायची. पुढे तळ उठला, पत्रं संपली. मग काही वर्षांनी अमेरिकन माणसं आपणहून इथे येऊन राहायला लागली, लग्नं करून संसाराला लागली आणि इसिंगने पत्रं सोडून अर्ज हातात घेतले. एकोणपन्नासाव्या वर्षी तिने अमेरिकेच्या कर खात्याची परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. त्या दिवशी तिने अख्ख्या गल्लीला पान्सित, म्हणजे आमच्या परतलेल्या शेवया, खायला घातलं. खायला घातलं तिने, शिजवलं मी, आणि पैसे अजून यायचेत.

तिचा एक नियम आहे. मूल समोर आणल्याशिवाय ती त्या मुलाच्या नावचे पैसे मागणारा अर्ज भरत नाही. कायद्यात असं काही नाही, हे तिचं स्वतःचं खूळ. एकदा एक निवृत्त गोरा चार मुलं घेऊन आला. इसिंगने धाकट्याला विचारलं, "बाळा, तुझा पप्पा कुठाय?" पोरगं म्हणालं, "मासे पकडायला गेलाय." शेजाऱ्यांची पोरं होती ती, बर्फाच्या कांड्या देऊन आणलेली. इसिंगने त्या गोऱ्याला उभ्या उभ्या असं काही झापलं, की माझ्याकडची गिऱ्हाइकं हातातला घास तसाच धरून बघत बसली.

तर मार्च महिन्यात एका सकाळी मारिव्हेल आली. रोलंड टटलची बायको. हा रोलंड शेजारच्या सुबिकला वेल्डिंग शिकवतो, माणूस कष्टाळू, दारूच्या नादी नाही, फक्त थोडा दीडशहाणा. त्यांना दोन मुलं, नऊ वर्षांचा जास्पर आणि चार वर्षांची डालिया. दोघांचे अमेरिकेचे नंबर इसिंगनेच काढून दिले होते. पण कराचा अर्ज? "तो मी स्वतः भरतो," असं रोलंड छाती पुढे काढून सांगायचा.

मारिव्हेल टेबलापाशी न बसता माझ्या बाकावर बसली. मी पुढे ठेवलेली पेज तिने चमच्याने नुसती ढवळली.

"आते, रोलंडने टेक्सासचं काम घेतलंय," ती इसिंगला म्हणाली. "दोन वर्षांचं. दहा एप्रिलचं विमान आहे. जास्परच्या शाळेने फी वाढवली, रोलंडचे कामावरचे जादा तास बंद झाले, पगार पुरत नाही म्हणतो. माझ्या बहिणीचा नवरा एकच वर्ष सांगून गेला होता. तिला नववं वर्ष चालू आहे आता. मला त्याला थांबवायचंय. मुलांच्या नावाने अमेरिका काही देते म्हणतात, ते आम्हाला का मिळत नाही?"

"मिळत नाही?" इसिंगने चष्मा डोळ्यांवर ओढला. "मागचे अर्ज आण. आणि मुलांना आण. आणि त्या तुझ्या शहाण्यालाही आण."

शनिवारी चौघंही आले. रोलंडचं तोंड वाकडंच होतं. बायकोने आपल्या पाठीमागे चव्हाट्यावर गोष्ट नेली, हे त्याला झोंबलं होतं. मुलं बाकावर बसली, मी त्यांना केळ्याचे तळलेले तुकडे दिले. इसिंग अर्ज वाचत गेली आणि तिसऱ्या पानावर थांबली.

"हा कागद कुणी लावायला सांगितला?"

"सगळेच लावतात," रोलंड म्हणाला. "आमच्या बारमधले सगळे. परदेशातली कमाई वगळा, असं सांगायचं. कर शून्य. सहा वर्षं मी एक डॉलर भरलेला नाही, मिस इसिंग."

"आणि सहा वर्षं एक डॉलर घेतलेलाही नाहीस. अरे बाबा, तुझा पगार इतका थोडा आहे, की हा कागद न लावताही तुझा कर शून्यच येतो. तू वर कागद लावून सांगितलंस, माझी कमाई हिशेबातच धरू नका. मुलांच्या नावचे पैसे कमाई बघून परत देतात. तू कमाईच झाकून ठेवलीस, मग ते देणार कशावर?"

माझ्याकडे जेवत असलेला त्याच बारमधला एक जाड्या गोरा ताटात मान घालून खायला लागला. त्याचीही तीन मुलं आहेत.

"आता तो कागद काढायचा," इसिंग म्हणाली. "मागच्या तीन वर्षांचे अर्ज दुरुस्त करून पाठवू, त्याच्या मागचं गेलं. तिन्ही वर्षांचे मिळून पावणेदोन लाख पेसो येतील, आणि पुढे दरवर्षी थोडे थोडे. एक आहे, काढलेला कागद पाच वर्षं मनाला येईल तसा परत लावता येत नाही."

"आणि टेक्सासला मोठा पगार झाला तर?"

"तिथे तर हा कागद चालतच नाही. तू अमेरिकेतच असशील ना."

मारिव्हेल फसकन हसली आणि लगेच तिने तोंडावर हात धरला. रोलंडच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्याने पेन घेतलं. तीन अर्जांवर तीन सह्या केल्या. मला वाटलं, झालं, मिटलं. पण पेन खाली ठेवत तो म्हणाला, "छान. हे पैसे येतील, मी तिकडून पाठवीन, सगळंच सोपं होईल."

मारिव्हेलचा चेहरा उतरला. मला इतका राग आला, की हातातला डाव आपटला मी. इसिंगचा आवाज मात्र जराही चढला नाही.

"बरं. मग पुढच्या वर्षीचंही आत्ताच सांगून ठेवते," ती म्हणाली. "मुलं वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस तुझ्या घरात राहिली पाहिजेत. नाहीतर पैसे नाहीत."

"कामासाठी तात्पुरता बाहेर असलो तर चालतं. मी वाचलंय."

"बरोबर वाचलंस. मी तसं लिहून देईन, मला येतं." तिने एक कोरा कागद पुढे ओढला. "तात्पुरता म्हणजे परत येणारा. परत कधी येणार ते सांग, त्या आधाराने लिहिते."

"दोन वर्षांनी."

"दिवस सांग."

"ते काम कसं चालतं त्यावर आहे. वाढवूनही देतात. बघू."

"बघू हे मला लिहिता येत नाही, रोलंड."

त्याने बायकोकडे बघितलं, मग मुलांकडे. जास्पर खायचं थांबला होता. नऊ वर्षांच्या पोराला कर कळत नाही, पण बाप तारीख सांगत नाहीये हे कळतं.

मग इसिंग जे बोलली ते मी चाळीस वर्षांच्या मैत्रीत तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिचे घारे डोळे कुणाचे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि विचारत कुणीच नाही. ती म्हणाली, "माझ्या आईला एका खलाशाने बघू असंच सांगितलं होतं. तो वाईट नव्हता म्हणे. आई मरेपर्यंत हेच सांगायची, वाईट नव्हता तो. तूही वाईट नाहीस. मी हा कागद कोरा ठेवते. दहा तारखेच्या आधी दिवस सांगून जा."

रोलंड मुलांना घेऊन निघून गेला. त्यानंतर आठवडा गेला, दुसरा गेला. मारिव्हेल बाजारात दिसायची, पण माझ्याकडे थांबायची नाही. मी इसिंगला दोनदा बोललेसुद्धा, की तू फार ताणलंस, गिऱ्हाईकही जाईल आणि माणूसही. ती म्हणाली, "मी त्याला एक तारीखच मागितली गं. तीही जड होत असेल तर मी काय करू?"

नऊ एप्रिलला दुपारी गर्दीच्या वेळी रोलंड एकटाच आला. कपड्यांवर वेल्डिंगची काजळी, म्हणजे थेट कामावरून. तो टेबलासमोर उभा राहिला. इसिंगने तो कोरा कागद काढून समोर ठेवला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही," तो म्हणाला. "पंधरा दिवस रोज बसलो मिस इसिंग, एक तारीख ठरवता आली नाही मला. डालियाने परवा विचारलं, तर तिलाही सांगता आली नाही. मी जात नाही. टेक्सासवाल्यांना काल कळवलं. तुम्ही फक्त ते पैसे लवकर आणा, शाळेत मी जूनपर्यंतची मुदत मागून घेतलीय."

"जूनपर्यंत येतील असं वचन मी देत नाही," इसिंग म्हणाली. "येतील एवढं नक्की. शाळेला पत्र मी लिहून देते."

तिने पत्र लिहिलं, शिक्का मारला, तिच्या दराप्रमाणे पैसे घेतले, सुटे परत केले. रोलंड गेला. मग ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघराच्या पडद्याआड, जिथे मी भांडी घासते, तिथल्या स्टुलावर बसली. मी म्हटलं, जेवतेस का, सिनिगांगचं आंबट सार गरम आहे. तिने नको म्हणून मान हलवली. चष्मा काढून पदरासारखं माझंच एप्रन ओढून डोळे पुसले.

"अठ्ठावन्न वर्षांची झाले, लोलिंग," ती म्हणाली. "पोरींच्या वतीने किती जणांना लिहिलं मी, नको जाऊ म्हणून. जात नाही, असं मला येऊन सांगणारा हा पहिला."