लाल पेनड्राइव्ह

बेसा भागातल्या नव्या वस्तीत कवडूराव गजभियेंना नावाने ओळखणारी माणसं दोनच. एक दूधवाला, दुसरा गेटवरचा चौकीदार. बाकीच्यांसाठी ते दुसऱ्या माळ्यावरचे काका. मूळचे उमरेडचे. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलण्यात गेली. खोट असलेली गाडी आपण कधी फाटकाबाहेर जाऊ दिली नाही, हा त्यांचा जुना तोरा. ऐकणारं कुणी भेटलं की अजूनही सांगतात. पण भेटतं कोण?

पत्नी अंजनाबाई गेल्या. एकुलता एक मुलगा प्रशिक हैदराबादला नोकरीला. घरात त्याचा उरला तो कॉलेजातला लॅपटॉप. सकाळी त्यावर बुद्धवंदना लावायची, मग बातम्या पाहायच्या, एवढंच काम. पण तेवढंही त्याच्या जिवावर येई. कवडूराव बटण दाबून आंघोळीला जात, कपडे वाळत घालून येत, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असे.

तरीही या डबड्यावर त्यांचा जीव होता, आणि त्याला कारण होतं. लॅपटॉप अडकला की ते रविवारी प्रशिकला फोन लावत. प्रशिक तिकडे बसून इकडचा लॅपटॉप हाती घेई आणि पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागे. मग कवडूराव लगबगीने चहा टाकत. पूर्वी प्रशिक अभ्यासाला बसला की अंजनाबाई न विचारता चहाचा कप लॅपटॉपच्या उजव्या अंगाला ठेवत. आता कवडूराव ठेवत. एक कप तिथे, एक आपल्या हातात. बाण फिरे, फोनमधून पोराचं 'हं', 'थांबा बाबा' ऐकू येई, आणि तेवढा वेळ पोरगा घरात आहे असं त्यांना खरंच वाटे. काम संपून फोन बंद झाला की तो गार कपही तेच पीत.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला प्रशिक दोन दिवस आला होता. लॅपटॉप उघडून बसला आणि वैतागला. निघताना त्याने दोन पेनड्राइव्ह टेबलावर ठेवले.

"बाबा, हा निळा. यात लिनक्स आहे, हलकी सिस्टिम. या म्हाताऱ्या मशीनले हेच झेपते. टाकायच्या आधी नुसतं चालवून पाहता येते. लालमध्ये नवी विंडोज आहे. तुमच्या ओळखीची, पण भल्लीच जड. निळा नाहीच जमला तर लाल. काय ते ठरवा, मग मी फोनवर सांगतो कसं टाकायचं."

"निळा टाकला तं अडकणारच नाही का गा?"

"अजिबात नाही. मले फोन करायचं कामच नाही पडणार."

पोराने आनंदाने सांगितलं. कवडूरावांनी निळा उचलून पाहिला आणि परत टेबलावर ठेवला.

तो गेल्यावर त्यांनी निळा लावून पाहिला. चहाला उकळी येण्याआधी वंदना सुरू झाली. लॅपटॉप कुठे म्हणून अडखळला नाही. मेकॅनिक माणूस, मनातून खूशही झाला. मग रविवार आला, आणि फोन करायला काही कारणच सापडेना. तसा साधा फोनही करता आला असता. पण बोलणं हे खातं पहिल्यापासून अंजनाबाईंचं. बापलेकांची 'जेवला काय', 'ऊन कसं आहे' एवढ्यावर गाडी थांबे, आणि मग दोघंही दुसऱ्याने फोन ठेवण्याची वाट पाहत. मधे एखादं बिघडलेलं यंत्र असलं तरच त्यांचं जमे.

त्यांनी निळा पेनड्राइव्ह काढून कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवला आणि फोन लावला.

"निळा काही जमून नाही राहिला गा. मले तं लालच पाहिजे."

"बाबा, जड होईल."

"होऊ दे."

फोनवर पोरगा सांगत गेला तसा त्यांनी लाल टाकला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी जाणूनबुजून गाडीत खोट ठेवली. रात्री जेवण गेलं नाही, पण रविवारची सोय झाली म्हणून बरंही वाटलं.

सोय कसली! नव्या विंडोजने त्या लॅपटॉपचा जीवच काढला. पुढच्या रविवारी प्रशिकने तो हाती घ्यायचा प्रयत्न केला. बाण जरासा सरकला आणि पडद्याच्या मधोमध थिजला. कवडूरावांनी चहा मांडून ठेवला होता. ते बाणाकडे पाहत बसले.

"बाबा, मले इकडून काहीच दिसून नाही राहिलं. सोडा आता हे भंगार. मी नवा पाठवतो."

"काहून? चालते ना गा हा..."

पण फोन बंद झाला होता.

नवा लॅपटॉप कुरिअरने आला. पातळ, चकचकीत, सगळं आधीच बसवलेलं. झाकण उघडलं की सुरू. अडकणं त्याला ठाऊकच नव्हतं. एक रविवार तसाच गेला, मग दुसरा. कवडूरावांनी मुद्दाम पडद्यावर खूप खिडक्या उघडून पाहिल्या. काही झालं नाही.

तिसऱ्या रविवारी त्यांनी दोन कप चहा केला, एक नव्या लॅपटॉपच्या उजव्या अंगाला ठेवला आणि फोन लावला.

"बोला बाबा. काय अडकलं?"

"काही नाही अडकलं. मस्त चालून राहिला."

"मग फोन काहून केला?"

पोराच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. कवडूरावांच्या जिभेवर उत्तर होतं, अगदी टोकावर. तिकडे मागे कुणीतरी प्रशिकला हाक मारत होतं.

"चुकून लागला गा," ते म्हणाले. "ठेव."

मग त्यांनी आपला चहा घेतला, आणि दुसरा गार होईपर्यंत तिथेच बसून राहिले.